उजवा मध्यरक्षक, जर्सी नंबर चार

मला पाठवलं होतं दुसऱ्याच पोरासाठी.
दापोली कॉलेजचा चढाईपटू, ज्याचे व्हिडिओ
पुण्याच्या ऑफिसात सगळ्यांनी चार-चारदा पाहिलेले;
बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून
आधी प्रेक्षकांकडे बघणारा, मग पंचांकडे.
त्याच्यावर दोन ओळी लिहिल्या आणि पान उलटलं.

विघ्नेश पावसे. मुक्काम हर्णै. वय एकवीस.
उंची पाच फूट नऊ, वजन ब्याऐंशी
(काटा जिमखान्याचा, किलोभर इकडेतिकडे).
पंजे रुंद. मान जवळजवळ नाहीच.
तीन सामन्यांत नावावर गुण : चार.

चारच.
कारण टेबलावरचा गुणलेखक बघतो घोटा कोणी धरला,
आणि घोटा धरतो कोपऱ्यातला सुयोग खळे,
टाळ्या त्याला, वर्तमानपत्रात फोटो त्याचा.
पण चढाईपटू सुटून मध्यरेषेकडे झेपावतो
तेव्हा त्याच्या वाटेत एक दार असतं,
कधीचं लावून घेतलेलं.
त्या दाराचं लिहायला गुणपत्रिकेत रकाना नाही.

मी लिहिलं : धडकेआधी श्वास सोडतो.
खांदा नंतर, आधी कंबर आणतो.
पायात पाय अडकवत नाही.
साखळीत मनगट धरतो, बोटं नाही.
(बोटं धरणारे सुटतात. नव्याण्णवला, उरणला,
मी बोटं धरली होती. गुडघ्यातला स्क्रू
अजून त्याच सामन्याचा आहे.)

उणिवा :
मातीवर वाढलेला. मॅटवर बूट चढवले
की डावा पाय अर्धा क्षण उशिरा येतो.
हुलकावणीच्या लाथेला दोनदा फसला, एकाच पोराकडून.
बोलत नाही. मध्यरक्षकानं हाक द्यायला हवी,
हा नुसता चिमटा काढतो.
सुयोगनं मनगट दाखवलं. निळं होतं. तो हसत होता.

चौथ्या दिवशी सामना नव्हता. हर्णैला उतरलो.
होड्या उथळात थांबलेल्या, बैलगाड्या
कमरेएवढ्या पाण्यात मासळी घ्यायला गेलेल्या.
एका गाडीच्या चाकाला पाठ लावून तो उभा,
वर पापलेटाच्या टोपल्या, आणि लाट येई
तेव्हा बैल हलत, जू करकरे,
गाडी मात्र जागेवर.
त्यानं लाटेकडे बघितलंही नाही.
पाण्याखालचे पाय मला दिसत नव्हते,
आणि मला बघायचे होते ते नेमके पायच.

वाळूत लिलाव चाललेला. मी टोपलीपाशी रेंगाळलो,
वही हातात, म्हणून एका बाईला वाटलं गिऱ्हाईक.
"घ्यायचंय तर हात लावून बघा की,
नुसतं टिपून काय कळतंय तुम्हाला?"

मग मी बूट काढले.
त्याला म्हटलं, उभा राहा, ही ओढलेली रेघ मध्यरेषा.
बावन्न वर्षांचा माणूस दम घेऊन
कबड्डी कबड्डी करत ओल्या वाळूत चढाईला.
पोरं जमली. बाई टोपली सोडून आली.
डावीकडे हूल दिली, उजवीकडून निघालो,
(या हुलीवर मी एकेकाळी जिल्हा खेळलो)
आणि दार लागलं.
लागलं नाही, असं नव्हे. फार लागलं नाही,
कारण आपटण्याआधी त्यानं मला
पाठीखाली हात घालून खाली ठेवलं,
बर्फाची लादी ठेवावी तसं.

उठवताना मनगट धरलं. बोटं नाही.
"गुडघा कुठला, काका?" एवढंच बोलला,
आख्ख्या आठवड्यात ऐकलेलं त्याचं पहिलं वाक्य.

शेवटचा रकाना : बोली किती लाखांपर्यंत लावावी.
खेडच्या स्टँडवर लिहिलं, "हलत नाही."
मग खोडलं. ऑफिसला आकडा लागतो.
आकडा लिहिला, त्यापुढे अजून एक शून्य टाकावंसं वाटलं,
पेन थांबवलं, गाडी लागली,
विजारीच्या घडीतून मूठभर वाळू
सीटखाली सांडत गेली.